स्पोर्ट्स सायन्सची प्लेसमेंट खरी कशी असते? (ग्वाल्हेर, मुलींची हॉकी)

मृण्मयी_ग्वाल्हेर

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की स्पोर्ट्स सायन्स शिकलेली माणसं नेमकं करतात काय, शिट्टी वाजवतात का? त्यावर टवाळकी भरपूर झाली, उत्तर कुणी दिलं नाही. माझी एम.एस्सी.ची प्लेसमेंट (नोकरी नव्हे, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) नुकतीच संपली. अहवाल जमा झालाय, तोंडी परीक्षा बाकी आहे. तोवर वेळ आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. ग्वाल्हेर आणि मुलींची हॉकी म्हटलं की सगळ्यांना राज्याची महिला हॉकी अकादमी आठवते, २००६ सालची. मी तिथे नव्हते. मी होते एका छोट्या प्रशिक्षण केंद्रावर. तिथलं मैदान मातीचं आहे आणि टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, फक्त स्पर्धेला गेल्यावर पायाखाली येतं. केंद्राचं नाव लिहिणार नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही कृपया गप्प बसावं. वीसेक मुली, बहुतेक मुरार, हजिरा आणि आसपासच्या खेड्यांतल्या.

युनिव्हर्सिटीत आम्ही शिकतो ते ट्रेडमिलवर, तोंडाला मास्क लावून, श्वासातला ऑक्सिजन मोजत. बोट टोचून थेंबभर रक्तातलं लॅक्टेट (जोरात पळलं की रक्तात वाढतं ते) बघतो. केंद्रावर मला मिळालं एक टेबल, पाय डुगडुगणारं. वजनकाटा, कॅलिपर (कातडीची चिमूट धरून चरबी मोजायचा चिमटा) आणि शंकू मीच डिपार्टमेंटमधून सही करून नेले होते.

तिथले सर साठीला आलेले, स्वतः मोठ्या स्पर्धा खेळलेले. पहिलं वाक्य: "टेस्ट-वेस्ट करनी है तो सीज़न के बाद करना, लड़कियाँ थकेंगी।" आणि त्यांचं बरोबर होतं. बीप टेस्ट म्हणजे पार दमेपर्यंत पळणं. २० मीटर अंतरावर दोन रेषा, पुढचा बीप वाजायच्या आत एकीवरून दुसरीवर पोचायचं, सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने, मग दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वेग वाढतो. आठवड्याच्या मधोमध ही चाचणी घुसवली तर पुढचा सराव बोंबलतो. त्यात मातीवर वळताना पाय घसरतो, म्हणजे निकालात दमसास किती आणि घसरण किती हे सांगता येत नाही. मग आमच्यात तह झाला. मोठ्या चाचण्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या काळात मी असंच काही मोजायचं, ज्याने सरावाला धक्का लागणार नाही.

ते असं ठरलं: सरावाआधी आणि सरावानंतर वजन. सकाळच्या लघवीचा रंग, आठ छटांच्या तक्त्यावर मुलीनेच बोट ठेवून सांगायचा. आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासाने "आज किती जड गेलं?" याचं उत्तर ० ते १० मध्ये. त्या आकड्याला मिनिटांनी गुणलं की त्या दिवसाचा भार निघतो. ९० मिनिटांचा सराव, उत्तर ७, तर ६३०.

वजन घेणं हे काम कुणालाही येईल असं वाटतं ना? काटा गादीवर किंवा मातीवर ठेवला तर आकडा खोटा येतो, टणक फरशी लागते. घामाने भिजलेला टी-शर्ट अंगावर असेल तर गेलेला घाम पुन्हा वजनात मोजला जातो. मधे प्यायलेलं पाणी मिळवायचं, मधे लघवीला गेली असेल तर वजा करायचं. समजा मुलगी ५० किलोची आहे, सरावानंतर ४९ भरली आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायली, तर घाम गेला दीड लिटर. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त तूट झाली की दमसासावर परिणाम होतो, असं आम्हाला शिकवतात. ही मुलगी बरोबर काठावर आहे. आणि हे पहाटेच्या सरावाचं. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना संध्याकाळचं सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि सूर्य मावळला तरी जमीन वाफ सोडत असते.

आता मुद्द्याचं. तक्त्यावर बोटं पडायची ती सगळी गडद छटांवर. म्हणजे पोरी सरावाला यायच्या तेव्हाच कोरड्या असायच्या, घाम जायच्या आधीच. यावर पुस्तकी उपाय एकच: पाण्याचं महत्त्व समजावून सांगा. ते त्यांना माझ्याआधीपासून पाठ होतं. मी नुसतं विचारलं, मग पीत का नाही? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग फुल बॅक खेळणारी एक दांडगट मुलगी म्हणाली, "दीदी, पिएँगे तो जाना पड़ेगा। जाएँ कहाँ?"

मुलींचं टॉयलेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. कुलूप लावलेलं. किल्ली चौकीदाराकडे आणि चौकीदार येणार सात वाजता. सराव सुरू होतो साडेपाचला. मुलं भिंतीआड जातात, मुलींनी काय करायचं? म्हणून त्या रात्री आठनंतर पाणी तोडायच्या आणि सकाळी घरी परत जाईपर्यंत तोंडाला बाटली लावायच्या नाहीत. पाळीच्या दिवसांत तर काहीजणी सरळ दांडी मारायच्या. सर त्याला "मन नहीं लगता" म्हणत.

सरांना हे खरंच माहीत नव्हतं. माझी सही-शिक्क्याची वही त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती, पण हे ऐकल्यावर उठले आणि त्याच आठवड्यात किल्लीची दुसरी प्रत करून आणली. ती आता कॅप्टनकडे असते. पाण्याचा ड्रमही टॉयलेटपाशी भरून ठेवायला लागले. त्यानंतर हळूहळू तक्त्यावरची बोटं फिक्या रंगांकडे सरकली.

मग लिंबू-मीठ-साखर, पन्हं, ताक हे सगळं आलं. सातूचं सरबत तर मुलींनीच आणलं.

एवढंच सांगायचं होतं असं नाही, पण फार लांबलं. प्रश्न असतील तर विचारा.

राजवाडा_इंदूर

+१. वाचनखूण साठवली.

मीही याच लाइनीतला, इंदूरला बी.पी.ई.एस. (शारीरिक शिक्षण आणि क्रीडा यातली पदवी) केलं. माझी प्लेसमेंट एका चकचकीत जिममध्ये होती. काम काय, तर येणाऱ्या माणसाला यंत्रावर उभं करायचं, हातात दांडे द्यायचे, चरबीच्या टक्क्यांची पावती छापायची आणि पावती बघून त्याचा चेहरा पडला की सहा महिन्यांचं पॅकेज पुढे करायचं. ते यंत्र अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबी काढतं. माणूस तहानलेला असला की आकडा बदलतो, नुकताच जेवला असला तरी बदलतो. हे मी मालकांना सांगितलं तर म्हणाले, "ग्राहकाला सांगू नकोस." प्रमाणपत्रावर मात्र लिहून मिळालं की मी "फिटनेस असेसमेंट"मध्ये प्रावीण्य मिळवलं आहे.

ताई, तुम्हाला मैदानावर शिरकाव कसा मिळाला? आमच्याकडे कोच लोक वही-पेन घेतलेला माणूस दिसला की त्याला ऑडिटवाला समजतात.

निवृत्त_पीटी_मास्तर

मुली, लेख चांगला आहे. पण या म्हाताऱ्याला एक सांग. आपल्या गावात कॅप्टन रूपसिंग राहिले, शिंदे सरकारच्या फौजेत होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला २४-१ ने हरवलं त्यात एकट्या रूपसिंगांचे १० गोल होते, ध्यानचंदांचे ८. तेव्हा कुणी कुणाचं वजन केलं होतं? कुणी रंगाचा तक्ता धरला होता? आज त्यांच्या नावाच्या स्टेडियमला लोक ओळखतात ते सचिनच्या २०० धावांमुळे, ते दुःख वेगळंच. पण खेळ डोळ्याने आणि मेहनतीने होतो असं आम्ही शिकलो आणि शिकवलं.

शंकेखोर

मास्तर, १९३२ साली हॉकीत मोजून तीन संघ होते आणि खेळ गवतावर होता. १९७६ च्या माँट्रियलपासून ऑलिंपिकमध्ये कृत्रिम टर्फ आलं आणि आपली पदकं कशी आटली ते आपण पाहिलंच. टर्फवर चेंडू वेगाने पळतो, मग माणसालाही पळावं लागतं. आता १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर, खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर. म्हणजे मैदानावरच्या प्रत्येकीने जीव तोडून पळावं असाच खेळ बांधलाय. नुसत्या डोळ्याने ते आवरत नाही. टोकियोत आपल्या मुली चौथ्या आल्या, ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवलं, तेव्हा त्या संघासोबत वेन लोम्बार्ड नावाचे शास्त्रीय सल्लागार होते आणि मुलींच्या फिटनेसबद्दल सगळं जग बोलत होतं.

आता धागाकर्तीला. गोष्ट छान आहे, पण गोष्टच आहे. रंग फिका झाला तो किल्लीमुळे, हे कशावरून? उन्हात रोज सराव केला की दहा-पंधरा दिवसांत शरीर उन्हाला सरावतं हे तुम्हालाच शिकवलेलं असणार. शिवाय तुम्ही पाहताय हे मुलींना माहीत होतं. कुणी रोज वजन करतंय म्हटल्यावर माणूस पाणी पितोच.

मृण्मयी_ग्वाल्हेर

@राजवाडा_इंदूर: शिरकाव असा मिळाला की पहिल्या आठवड्यात मी काही मोजलंच नाही. शंकू मांडले, चेंडू गोळा केले, वॉर्म-अप घेतला. आणि सरांना आधीच सांगून टाकलं की मुलींची उत्तरं नावानिशी तुम्हाला दाखवणार नाही, सगळ्यांची मिळून सांगेन. त्याचं कारण मजेशीर आहे. "आज किती जड गेलं?" याला पहिले काही दिवस सगळ्यांचं उत्तर एकच यायचं: "ठीक है दीदी, पाँच।" गोलकीपर पाच, दिवसभर धावलेली मिडफील्डर पाच, ताप अंगावर काढणारीही पाच. थकले म्हटलं तर संघातून नाव कटेल, असा हिशोब. वही सरांकडे जात नाही हे पटल्यावर मग तीन आले, आठ आले. एकीने तर "साढ़े नौ" सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

@शंकेखोर: दोन्ही शंका रास्त आहेत. ऊन अंगवळणी पडणं एक ते दोन आठवड्यांत होतं, खरं. पण त्यात घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो, फक्त त्यातलं मीठ कमी होतं. म्हणजे पाण्याची गरज वाढते, घटत नाही. त्यात आमचा काळ एप्रिलकडून मेकडे जाणारा, रंग गडद व्हायला हवा होता. दुसऱ्या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही. बघणारं कुणी असलं की माणसं बदलतात. पण मुली किल्ली यायच्या आधीही रोज माझ्यासमोरच काट्यावर चढत होत्या आणि तेव्हा रंग ढिम्म हलला नव्हता. तिसरी शंका तुम्ही काढली नाहीत, मीच काढते. मधेच काहीजणींना बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याने लघवी पिवळीजर्द होते, पाणी कितीही प्या. त्या मुलींची नोंद मी वेगळी ठेवली.

@मास्तर काका: तुमच्याशी माझं भांडण नाहीच. सरांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच वर्गात नव्हतं. मी एकदा स्टॉपवॉच घेऊन उभी होते, कोण कधी मंदावते ते लिहीत. सर म्हणाले, "घड़ी मत देखो, कमर देखो।" हॉकीत बराचसा खेळ वाकून असतो. चेंडू अडवायचा, टॅकल करायचा, तर कंबर खाली जायला लागते. मुलगी थकते तेव्हा पळण्याचा वेग नंतर कमी होतो. त्याआधी ती वाकणं सोडते आणि उभ्याउभ्या नुसती स्टिक पुढे टाकते. मी ते मोजून पाहिलं. ज्या दिवशी सर म्हणायचे "आज यह गई", त्या दिवशी त्या मुलीचा "किती जड गेलं"चा आकडा बहुतेक वेळा वर असायचा. फरक एवढाच की सरांना ते विसाव्या मिनिटाला कळायचं आणि मला सराव संपल्यावर अर्ध्या तासाने.

पण किल्ली सरांच्या डोळ्याला दिसली नव्हती काका. त्यासाठी वही लागली.

निवृत्त_पीटी_मास्तर

ही गोष्ट मान्य. मुलींचं हे सगळं आमच्या लक्षातच यायचं नाही. कुणी सांगायचंही नाही.

स्टेथोस्कोप

धागा आवडला. डॉक्टर म्हणून दोन गोष्टी विचारते.

पहिली, रक्त तपासलं होतं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना पंडुरोग निघाला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती मुलगी आळशी नसते, तिच्या रक्तात ऑक्सिजन वाहायला गाड्याच कमी असतात. तुमच्या बीप टेस्टमध्ये लवकर बाद होणाऱ्यांत अशा किती होत्या हे बघायला हवं. ग्वाल्हेरकडे जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय आहे. चहामुळे अन्नातलं लोह शोषलं जात नाही. तासभर थांबावं. जेवणात लिंबू पिळलं तर उलट मदत होते.

दुसरी, कॅलिपर. वाढत्या वयातल्या मुलींच्या दंडाची नि पोटाची कातडी चिमटीत धरून चरबी मोजणं, तेही मैदानावर सगळ्यांदेखत, हे मला खटकतं. त्यातून जेवण तोडणाऱ्या मुली मी ओपीडीत पाहिल्या आहेत. पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, आणि घरचे म्हणतात खेळामुळे झालं.

मृण्मयी_ग्वाल्हेर

डॉक्टर, रक्त तपासायची मला परवानगी नव्हती आणि ते योग्यच आहे, मी विद्यार्थिनी. पण तुम्ही म्हणता तशी शंका आली होती. सरांकरवी पालकांना निरोप गेला आणि बऱ्याच मुली सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून आल्या. निकाल मी मागितले नाहीत. काहींना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या एवढं कळलं, बी-कॉम्प्लेक्स त्याच्याच जोडीला आलं होतं. चहाचं सांगितलं तेव्हा मात्र मुलींपेक्षा त्यांच्या आया जास्त नाराज झाल्या.

कॅलिपरबद्दल. अहवालात शरीररचनेचं एक प्रकरण असावं असा आमच्याकडे दंडक आहे, म्हणून तो नेला होता. पहिल्याच दिवशी आडोशाला, एकेकीला बोलावून मोजायला घेतलं. तिसरी-चौथी मुलगी आत येताना पोट आत ओढून आली. तेव्हाच तो डब्यात ठेवला आणि गाइडना फोन करून सांगितलं की हे प्रकरण उंची आणि वजनावर भागवते. त्यांनी मोडता घातला नाही, "कारण लिहा" म्हणाले. कारण म्हणून मी ऊर्जेच्या तुटीचं लिहिलं. खेळायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी पोटात जात नाही तेव्हा पाळी, हाडं, मूड, सगळंच बिघडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली त्याला रेड-एस हे नाव दिलं. वजनही मी फक्त घामाच्या हिशोबासाठी वापरलं, काट्याची पाटी मुलीकडे पाठ करून ठेवायची. तरी एखादी मान वळवून बघायचीच.

बारावीची_आई

मी शिंदे की छावणीत राहते. माझी मुलगी खो-खो खेळते, यंदा बारावी, बायोलॉजी आहे. तिला हेच करायचंय. घरात सगळ्यांचं म्हणणं नर्सिंग किंवा फिजिओथेरपी कर, निदान नोकरी तरी लागेल. मृण्मयी, तू आमच्याच गावची म्हणून मोकळेपणाने विचारते. प्लेसमेंटमध्ये पैसे मिळतात का? पुढे काय?

राजवाडा_इंदूर

काकू, पैसे मिळत नाहीत. पेट्रोल आपलं, पाण्याची बाटलीही आपलीच. जिममध्ये मला शेवटी एक टी-शर्ट मिळाला, त्यावर जिमचं नाव होतं.

सयाजीगंज

बडोद्याहून लिहितो. काकू, तुमच्या गावातच तर या विषयाचं मोठं घर आहे. १८५७ च्या शताब्दीला, १९५७ साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं कॉलेज तिथे निघालं, १९९५ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं. देशभरची मुलं तिकडे येतात. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे, तिथे प्रशिक्षणाचा डिप्लोमा होतो.

आणि नुसतं ट्रेडमिल म्हणजे शास्त्र नव्हे. आमच्याकडे जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांनी अंगमेहनतीची पद्धतशीर शिस्त बसवली त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. अजूनही तिथे मल्लखांबाला पोरं लटकलेली दिसतात. एखाद्या विद्यार्थ्याने प्लेसमेंट तिथे घेऊन पकडीची ताकद, खांद्याची लवचीकता मोजावी. कुणी घेत नाही, सगळ्यांना क्रिकेट हवं.

अमरावतीकर

सयाजीगंज, मग आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळालाही विसरू नका. १९१४ ची स्थापना, आणि १९३६ ला बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आले. मल्लखांबावर मोजमाप करण्यासारखं खूप आहे हे शंभर टक्के खरं.

(अवांतर: क्रिकेटवरून आठवलं. हल्ली गल्लीतली पोरंही "यो-यो किती?" विचारतात. १६.१, १६.५ असे आकडे एकमेकांना ऐकवतात. चाचणी काय आहे विचारलं तर माहीत नसतं.)

शंकेखोर

अवांतराला अवांतर: बीप टेस्टसारखंच, पण ४० मीटर पळून १० सेकंद विश्रांती, आणि सुरुवातच ताशी १० किलोमीटरने. थांबत-थांबत पळायच्या खेळांना ती जास्त लागू पडते. हॉकीलाही. धागाकर्तीने बीप का घेतली?

मृण्मयी_ग्वाल्हेर

@शंकेखोर: केंद्राच्या जुन्या नोंदी बीपच्याच होत्या, तुलना करायची तर तीच घ्यावी लागली. शिवाय माझ्या मोबाइलच्या स्पीकरचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जात नव्हता, एका मुलीच्या भावाचा लग्नात वाजवायचा स्पीकर आणला. तो बीपला एवढा दणका द्यायचा की शेजारच्या कॉलनीतून तक्रार आली.

@बारावीची_आई: काकू, खरं सांगते. पैसे नाहीत, हे राजवाडा दादांनी सांगितलंच. नोकरीही नर्सिंगसारखी लगेच नाही. स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया फिजिओलॉजी, बायोमेकॅनिक्स, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग अशा जागा काढते, पण बऱ्याचशा कंत्राटी असतात आणि मास्टर्स लागतं. शाळांत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची शिक्षकी पदवी) लागतं, ती वेगळी वाट. खासगी अकादम्या आणि क्रिकेट संघ चांगले पैसे देतात, पण तिथे ओळखीने शिरतात. फिजिओथेरपी करून मग स्पोर्ट्सकडे वळणाऱ्या मुली माझ्या ओळखीत आहेत आणि त्या माझ्यापेक्षा लवकर कमावत्या झाल्या. तिचं मन मोडायचं नसेल तर तो मधला रस्ता वाईट नाही. फिजिओथेरपीचा खर्च मात्र आधी नीट बघा. आणि एक दिवस तिला माझ्यासोबत पाठवा, पहाटे पाचला. ऊठबस जमते का ते तिलाच कळेल.

बारावीची_आई

पाठवते. पाचला उठवायचं काम तुझं.

मृण्मयी_ग्वाल्हेर

तोंडी परीक्षा झाली, म्हणून अपडेट.

बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी अहवाल चाळला आणि पहिलाच प्रश्न: "कंट्रोल ग्रुप कुठे आहे?" शंकेखोर, तुमची आठवण झाली. मी म्हटलं, वीस मुलींमधून अर्ध्यांना किल्ली द्यायची आणि अर्ध्यांना नाही, असं करता आलं नसतं. ते हसले नाहीत, पण पुढे गेले. मग बीप टेस्टच्या तक्त्यावर बराच वेळ घालवला, मातीमुळे निकाल डळमळीत आहे हे मी लिहिलंच होतं. घामाचा हिशोब त्यांना आवडला. परत प्यायचं पाणी गेलेल्या वजनाच्या सव्वा ते दीड पट का सांगितलंस, विचारलं. तर पितो त्यातलं काही पुन्हा लघवीवाटे जातं म्हणून. आणि नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून मीठ-साखर.

किल्लीचा भाग मूळ मसुद्यात "निष्कर्ष" या प्रकरणात होता. छापण्याआधी तो हलवावा असं मला सुचवण्यात आलं. कारण सांगितलं की टॉयलेट हा क्रीडाविज्ञानाचा विषय नाही, व्यवस्थापनाचा आहे. मी थोडी हुज्जत घातली. शेवटी तो "मर्यादा आणि निरीक्षणं" मध्ये गेला, पण पूर्ण गेला, एक ओळही न गाळता. परीक्षकांनी त्या पानावर काही विचारलं नाही.

स्टेथोस्कोप

मला तर तोच निष्कर्ष वाटतो. मुलींमधल्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर कुठलंही व्याख्यान द्यायची वेळ आली की मी इथेच येऊन थांबते: लघवी तुंबवून ठेवू नका. आणि तुंबवायचं नसेल तर दार उघडं हवं. हे व्यवस्थापन कसं?

शंकेखोर

इथे मी धागाकर्तीच्या बाजूने. टर्फवर प्रत्येक सामन्याआधी पाण्याचे फवारे मारतात, चेंडू नीट पळावा म्हणून. त्याला आपण खेळाचं शास्त्र म्हणतो. मुलीच्या पोटात पाणी गेलं की नाही, हे मात्र व्यवस्थापन.

राजवाडा_इंदूर

ताई, तुमच्या वहीचा नमुना देता का? माझ्या धाकट्या भावाची प्लेसमेंट पुढच्या सत्रात आहे. त्याला जिममध्ये पाठवायचं नाही असं मी घरात जाहीर केलंय.

मृण्मयी_ग्वाल्हेर

देते. एका पानावर एक मुलगी, नावाऐवजी क्रमांक. रकाने असे: तारीख, झोप किती तास, सकाळचा रंग, आधीचं वजन, प्यायलेलं पाणी, नंतरचं वजन, मिनिटं, किती जड गेलं, कुठे दुखतंय. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा, "तिने स्वतःहून काय सांगितलं" यासाठी. तो बहुतेक दिवस कोराच राहतो. तरी ठेवायला सांगा.

आणि भावाला सांगा, केंद्राशी आधी लेखी ठरवून घे: आकडे कुणाला दाखवायचे, कुणाला नाही, अहवालाची प्रत कुणाकडे जाणार, आणि मुली किंवा त्यांचे पालक मधेच नको म्हणाले तर त्यांची पानं बाजूला काढायची. अठराच्या खालच्या सगळ्यांच्या घरून सही आणायची. आमच्या केंद्रावर काही आया सही करत नव्हत्या, अंगठा देत होत्या, आणि "इसमें लिखा क्या है, पढ़ के सुनाओ" म्हणत होत्या. त्यामुळे मजकूर हिंदीत, सोपा आणि एका पानात बसेल एवढाच लिहायचा. मी आधी तीन पानी केला होता, युनिव्हर्सिटीच्या नमुन्याबरहुकूम.

सध्या माझ्या मागची ज्युनिअर तिथे जाते आहे. तिला थंडीतले आकडे मिळतील. धुक्यात सराव उशिरा सुरू होतो आणि तहान लागत नाही म्हणून तेव्हाही मुली पाणी कमीच पितात, असं सर म्हणतात. तिने नोंदी दिल्या की याच धाग्यावर टाकते.